ईसीजीतला करंट कुणाचा?

"मशीनमधून करंट सोडता का हो?" दहा तारा लावून होईपर्यंत हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: नाही. मशीन फक्त मोजतं. करंट तुमचाच.

तो मिठातून येतो. पेशीबाहेर सोडियम लिटरला सुमारे 145 मिलिमोल, आत जेमतेम 10-15. पोटॅशियमचं उलट: आत 140, बाहेर 4. पेशीच्या पडद्यातला पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपतं, त्यामुळे आतली बाजू ऋण राहते: मज्जापेशीत साधारण उणे 70 मिलिव्होल्ट, हृदयाच्या स्नायूत उणे 90. म्हणजे खडकवासला धरण भरलेलं आणि दरवाजे बंद.

मज्जापेशीत आकडा उणे 55 च्या आसपास सरकला की पडद्यातले सोडियमचे दरवाजे उघडतात, आतली बाजू क्षणभर धन होते. एक-दोन मिलिसेकंदांत ते मिटतात, पोटॅशियम बाहेर जातं, पुन्हा पूर्ववत. हे सगळं पंप करतो असं अनेक विद्यार्थी परीक्षेत लिहून येतात. पंप धरण भरतो, विसर्ग दरवाज्यांचा. अशा एका झटक्यात, म्हणजे आवेगात, आयन (सोडियम-पोटॅशियमचे विद्युतभारित कण) इतके थोडे हलतात की पंप बंद पाडला तरी जाड मज्जातंतू हजारो आवेग देतो.

आणि हा करंट महावितरणच्या तारेतल्यासारखा या टोकाकडून त्या टोकाला वाहत नाही. आयन पडद्याला आडवे ओलांडतात, शेजारचा तुकडा त्याने पेटतो. फटाक्यांची माळच, फक्त फुटलेला फटाका लगेच पुन्हा भरला जातो. म्हणून पायाच्या अंगठ्यापर्यंत आवेग क्षीण होत नाही. मायलिनचं (चरबीयुक्त थराचं) वेष्टण असलेल्या जाड तंतूत वेग सेकंदाला 100 मीटरपर्यंत, वेष्टण नसलेल्यात एखादा मीटर. ठेच लागली की आधी झिणझिणतं आणि मागाहून ठणकतं, ते दोन वेगवेगळ्या तंतूंमुळे.

हृदयात कॅल्शियम आत येत राहतं, म्हणून तिथला आवेग 200-300 मिलिसेकंद टिकतो. तेवढ्या वेळात दुसरा ठोका घुसू शकत नाही, हे आपलं नशीब. उजव्या कर्णिकेतल्या (वरच्या कप्प्यातल्या) सायनस नोडच्या, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या गाठीच्या, पेशींना स्वस्थ बसणं माहीतच नाही: त्यांत आयन आपोआप झिरपत राहतात, व्होल्टेज चढत जातं आणि त्या मिनिटाला 60 ते 100 वेळा पेटतात. खालचा एव्ही नोड (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे आवेग देणारी गाठ) सुमारे 0.1 सेकंद मुद्दाम रेंगाळतो, म्हणजे वरचे कप्पे रिकामे व्हायला वेळ मिळतो.

बाहेरचं पोटॅशियम 4 वरून 6.5-7 झालं की उणे 90 ची पातळी वर सरकते, सोडियमचे बरेच दरवाजे मिटलेलेच अडकतात आणि आवेग मंदावतो. ईसीजीत टी लहर (खालचे कप्पे पूर्ववत होतानाची) आधी उंच, टोकदार होते, पुढे क्यूआरएस (ते कप्पे पेटतानाचा भाग) रुंदावतो. किडनीच्या रुग्णाने 'लो सोडियम' मीठ डॉक्टरांना न विचारता घेऊ नये ते यासाठीच. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं.

पेशीतला शंभरेक मिलिव्होल्टचा झोका त्वचेपर्यंत येताना एखाद्या मिलिव्होल्टवर येतो. कागदावर तो 10 मिलिमीटर. म्हणून सुकलेली जेल, थंडीची कुडकुड किंवा शेजारचा चार्जरही रेघ बिघडवतो. आणि लीड एक (दोन हातांमधला फरक दाखवणारी रेघ) उलटी दिसली, तर घाबरण्याआधी हातांच्या तारांची अदलाबदल झाली नाही ना, ते बघा.