नालेच्या आकाराचा तळ: क्लबच्या सहलीचा वृत्तांत आणि पुढच्या तुकडीसाठी काही गोष्टी

या मोसमातली क्लबची मोठी सहल नुकतीच पार पडली. तळ्याकाठचं माळरान, एका अंगाला दाट झाडी, शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा. डझनभर कॅराव्हॅन (कारमागे जोडून ओढायची चाकांवरची घरं), काही मोटरहोम (राहण्याची सोय असलेल्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्या) आणि जवळपास तेवढेच तंबू. दुसरी तुकडी लवकरच याच जागी जाणार आहे, त्यामुळे सूर्यास्ताचं वर्णन न करता उपयोगी पडेल तेच लिहितो. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. सहलीत माणसं एकमेकांत मिसळतात की आपापल्या दाराआड बसतात, हे बऱ्याच अंशी गाड्या कशा लावल्या यावर अवलंबून असतं. कार्यक्रमपत्रिका कितीही भरगच्च असू द्या, तळ चुकीचा मांडला तर ती कागदावरच राहते.

एरवी आपण गाड्या रांगेत लावतो. रांगेत प्रत्येकाला समोर दिसते ती शेजाऱ्याच्या गाडीची पाठ. पाण्याला जाता-येता दोन शब्द होतात, तेवढंच. यावेळी तळप्रमुखांनी आदल्या दिवशी जाऊन दोरी आणि खुंट्यांनी घोड्याच्या नालेचा आकार आखला होता. दारं आतल्या बाजूला, पाठ झाडीकडे, मधे मोकळं मैदान आणि नालेचं तोंड रस्त्याच्या दिशेला. पूर्ण वर्तुळ मुद्दाम टाळलं. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी विनाअडथळा बाहेर पडली पाहिजे. शेजारच्या दोन गाड्यांमध्ये ६ मीटर अंतर सोडलं होतं. आग एका गाडीवरून दुसरीवर जाऊ नये म्हणून हे अंतर ठेवतात, आणि गाडीला जोडून उभारलेलं कापडी छत किंवा कार मधे आली तरी किमान ३ मीटरची पट्टी पूर्ण मोकळी राहायला हवी. एवढ्या अंतरामुळे नाल बरीच मोठी होते, म्हणून जागा निवडतानाच पावलांनी मोजून घ्या. दार कोणत्या अंगाला आहे हे प्रत्येक गाडीचं वेगळं असू शकतं. ते आधी विचारून ठेवा, म्हणजे कोणती गाडी उलटी लावायची हे आयत्या वेळी ठरवावं लागत नाही.

गोलात तळ ठोकण्याची कल्पना जुनीच आहे. एअरस्ट्रीम या अमेरिकी कॅराव्हॅन कंपनीचे संस्थापक वॉली बायम यांनी १९५० च्या दशकात कॅराव्हॅनचे मोठमोठे ताफे परदेशी नेले. १९५९ मध्ये त्यांचा एक ताफा केप टाउनहून कैरोच्या वाटेला लागला होता. त्या ताफ्यांच्या चंदेरी गाड्या मैदानात वर्तुळात उभ्या असलेले फोटो अनेकांनी पाहिले असतील. आमची नाल त्यापुढे लहानशी, पण हेतू तोच: दार उघडलं की माणूस दिसावा.

कोणाला कुठे जागा द्यायची, यावर मात्र आमच्यात बरीच चर्चा झाली. नवीन कुटुंबांना टोकाला जागा द्यायची, म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही, असं काहींचं मत होतं. मला ते पटलं नाही, आणि सहलीनंतर तर मुळीच पटत नाही. टोकाला बसलेला माणूस टोकालाच राहतो. यावेळी नव्यांना नालेच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना जुनी माणसं ठेवून बसवलं. टोकाच्या जागा तान्ही बाळं असलेल्यांना आणि लवकर झोपणाऱ्यांना दिल्या, त्यांनी त्या आनंदाने घेतल्या.

तंबूवाल्यांचंही असंच. मोठ्या गाड्यांची सोय आधी पाहायची आणि उरलेल्या कोपऱ्यात तंबू ढकलायचे, ही सवय मोडायला हवी. या छंदाची संघटनाच मुळी तंबूवाल्यांनी उभी केली. थॉमस हायराम होल्डिंग यांनी १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये सायकलवरून तंबू घेऊन फिरणाऱ्यांचा जो गट जमवला, त्यातूनच पुढे तिथला मोठा कॅम्पिंग आणि कॅराव्हॅनिंग क्लब वाढला. आमच्या तळावर तंबू गाड्यांच्या आडोशाला, वारा अडेल अशा बाजूला आणि जरा उंचवट्यावर लावले होते. दुसऱ्या रात्री जोराची सर आली तेव्हा त्याचा फायदा कळला.

आता रस्त्याविषयी. सगळ्यांनी एका लांबलचक ताफ्यात निघू नका. मागच्या वाहनांना पुढे जाता येत नाही, लोक वैतागतात आणि मग धोकादायक ओव्हरटेक होतात. आम्ही तीन-तीन गाड्यांचे गट केले आणि दोन गटांमध्ये भरपूर अंतर ठेवलं. थांबे आधीच ठरवले होते, त्यामुळे कुणी मागे राहिलं तरी घाई नव्हती. एक कार सगळ्यांच्या पुढे, मागे काही न जोडता, रस्ता पाहायला गेली होती. कच्च्या रस्त्यावर एका वळणाला झाडाची फांदी खाली आली आहे, हे तिनेच कळवलं. नौदलातले डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये 'वाँडरर' नावाची घोडे जुंपायची कॅराव्हॅन फक्त हिंडण्याच्या हौसेसाठी बांधून घेतली, तेव्हा त्यांचा नोकर रस्ता पाहायला तीनचाकी सायकलवरून पुढे जात असे. पुढच्या माणसाची गरज तेव्हापासून तीच आहे.

सामान भरताना जड वस्तू खाली आणि चाकांच्या अॅक्सलजवळ ठेवा, मागच्या टोकाला कधीच नको. कॅराव्हॅन मागे सापासारखी वळवळायला लागली तर अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा आणि स्टिअरिंग शक्य तितकं सरळ धरा. वेग वाढवून ती सरळ होईल असं वाटतं, तसं होत नाही. जोरात ब्रेकही मारू नका. पाण्याच्या टाक्या तळावर पोहोचल्यावर भरा. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि ते ओझं उगाच घाटातून का ओढायचं?

पोहोचल्यावरचा एक प्रसंग सांगतो. एक नवं जोडपं पहिल्यांदाच कॅराव्हॅन घेऊन आलं होतं. गाडी रिव्हर्स करायची वेळ आली आणि चहूबाजूंनी सूचना सुरू झाल्या. कुणी म्हणे डावीकडे, कुणी म्हणे अजून घे. त्या ताईंनी वैतागून गाडीच थांबवली. तळप्रमुख काकांनी सगळ्यांना बाजूला घेतलं, एकाच माणसाला मागे उभं केलं आणि ताईंना म्हणाले, "काच खाली करा, आणि हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. कॅराव्हॅनची पाठ जिकडे न्यायची, तिकडेच हात सरकवा. मागचा माणूस आरशात दिसेनासा झाला की थांबायचं." हळूहळू, दोनदा पुढे घेऊन, गाडी बरोबर खुणेवर आली. शेवटचं हातभर अंतर आम्ही तिघाचौघांनी हँडल धरून ढकललं. कॅराव्हॅन ढकलताना खिडकीला किंवा पातळ पत्र्याला जोर लावू नका, हँडलच धरा.

मग पाणसळ ठेवून गाडी समतल केली. आधी आडवी पातळी बघायची: गाडी जोडलेली असतानाच सखल बाजूच्या चाकाखाली उताराचा ठोकळा घालून चाक त्यावर चढवायचं. मग हँडब्रेक, चाकांना अडण, आणि त्यानंतरच कारपासून सोडवायचं. पुढे-मागे पातळी पुढच्या छोट्या चाकाने जमवायची. कोपऱ्यांचे चार पाय सगळ्यांत शेवटी खाली सोडायचे. ते फक्त डगमग थांबवण्यासाठी आहेत, गाडी उचलण्यासाठी नाहीत. गॅसवर चालणारा फ्रिज तिरक्या गाडीत नीट थंड होत नाही, म्हणून हा खटाटोप नीट करावा.

एवढं होईपर्यंत त्या जोडप्याची अर्ध्या तळाशी ओळख झाली होती. गोल करून बसायचं आणि प्रत्येकाने नाव-गाव सांगायचं, हा कार्यक्रम आम्ही केलाच नाही आणि कुणालाही त्याची उणीव भासली नाही. नव्या माणसाला काम द्या. दोरी धरायला सांगा, पाण्याची फेरी वाटून द्या. हातात काम असलं की बोलणं आपोआप सुरू होतं आणि संपवताही सहज येतं.

संगतीइतकाच एकांतही जपावा लागतो. आमच्याकडे एक साधा संकेत ठरला होता: खुर्ची छताबाहेर मांडलेली असेल तर खुशाल या आणि बसा, खुर्ची आत घेतलेली असेल तर भेट नंतर. दिवसभर माणसांत राहिल्यावर काही जणांना तासभर पुस्तक घेऊन पडायचं असतं. त्यांना दार लावून घ्यावं लागलं नाही, आणि कुणाला वाईटही वाटलं नाही. पुढच्या तुकडीने हा संकेत निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगावा, मुलांनासुद्धा.

पहिल्या संध्याकाळी सामूहिक जेवण ठेवू नका. सगळे प्रवासाने थकलेले असतात, अर्ध्यांचं सामान उघडायचं असतं. ज्याने त्याने आपलं करून खावं आणि मग खुर्च्या घेऊन मधे यावं. एकत्र स्वयंपाक दुसऱ्या दिवशी. वर्गणी आधीच गोळा केलेली असावी, तळावर पैशांचा हिशेब निघाला की सहलीची मजा जाते. दिवसाला एकच सामूहिक कार्यक्रम पुरतो. आम्ही एका दिवशी तळ्याला फेरी मारली. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या आजींना पुढून दुसऱ्या जागी ठेवलं होतं, त्यामुळे सगळ्यांचा वेग त्यांच्या वेगाला जुळला आणि मागे पडून दमछाक होण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

मुलांचा प्रश्न येत नाही, ती स्वतःच टोळी करतात. फक्त दोन नियम: तळावर कुठलंही वाहन माणसाच्या चालीपेक्षा वेगाने चालवायचं नाही, आणि पाण्याजवळ एक मोठं माणूस पाळीने हजर. 'कुणीतरी बघत असेल' यावर विसंबू नका, पाळीचा कागद लावा. तंबूच्या दोऱ्यांना रंगीत कापडाच्या पट्ट्या बांधा, नाहीतर अंधारात मुलं अडखळतात.

रात्री १० नंतर जनरेटर बंद, गाणी बंद, गप्पा हळू आवाजात. पहिल्या रात्री एका गटाला ते जड गेलं. तळप्रमुखांनी भांडण न करता शेकोटीची जागा नालेच्या तोंडाकडे, झोपणाऱ्यांपासून दूर हलवली. गप्पा चालू राहिल्या आणि तक्रार संपली.

पावसाच्या रात्रीबद्दल गंभीरपणे लिहितो. सर आली तशी थंडीही वाढली, आणि निखाऱ्यांची शेगडी छताखाली घ्यावी अशी सूचना कुणीतरी केली. सूचना चांगल्या मनाने होती, पण हे कधीही, कुठल्याही कारणाने करू नका. विझत आलेल्या निखाऱ्यांतूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही. तंबूत, छताखाली किंवा गाडीत निखारे न्यायचे नाहीत म्हणजे नाहीत. प्रत्येक कॅराव्हॅनमध्ये या वायूचा अलार्म असायलाच हवा. जमिनीलगतच्या हवा जाण्याच्या जाळ्या थंडी वाजते म्हणून बुजवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर त्याच जाळ्यांतून बाहेर पडतो. त्या रात्री आम्ही तंबूतल्या दोन कुटुंबांना कॅराव्हॅनमध्ये झोपायला घेतलं. तो उपाय निखाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगला होता.

थंडीच्या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी आणखी एक: सिलिंडरमधला गॅस ब्युटेन असेल तर तो शून्य अंशाच्या आसपास वायूरूप घेईनासा होतो, मग सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. पहाटे चहा हवा असेल तर सिलिंडर कोणता आहे ते निघण्यापूर्वी पाहा.

भांडी धुतलेलं पाणी बादलीत साठवा आणि तळ्यापासून निदान ६० मीटर दूर, पसरून ओता. शौचालयाची टाकी रिकामी करण्याची सोय या माळावर नाही. ती भरलेलीच परत नेऊन ठरलेल्या जागीच रिकामी करायची आहे, त्यामुळे मुक्काम लांबवणार असाल तर जादा टाकी जवळ ठेवा.

निघण्याच्या दिवशी ओल होती. नालेचा डावा हात, झाडीकडचा, पावसानंतर चांगलाच मऊ होतो. जड गाड्या तिथे लावू नका, मोटरहोम तर नकोच. निघताना तोंडाजवळच्या गाड्या आधी सोडा आणि मग आतल्या. चिखलात चाक फिरायला लागलं तर अॅक्सिलरेटर दाबून खड्डा खोल करू नका, चार माणसं बोलवा. जोडल्यावर दिवे दोघांनी मिळून तपासा, एक आत बसून आणि एक मागे उभा राहून. कोपऱ्यांचे पाय वर, पायरी आत, छताच्या खिडक्या बंद, गॅस बंद, कॅराव्हॅन कारपासून सुटल्यास तिचे ब्रेक लावणारी तार जोडलेली. शेवटची गाडी हलण्यापूर्वी सगळ्यांनी एका रांगेत हात पसरून माळ चालून पाहिला. मूठभर खुंट्या आणि मुलीची एक चप्पल सापडली. ओले तंबू घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी उघडून वाळत घाला, दोन दिवस गुंडाळून राहिले तर बुरशी धरते आणि मग तो वास जात नाही. तळाची आखणी, मऊ जमिनीच्या खुणा आणि पाळ्यांचे कागद तळप्रमुखांकडे आहेत, पुढच्या तुकडीने ते मागून घ्यावेत.