हेडफोनमधला ढोल

आज सुट्टी, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट लॅपटॉपला जोडून बसलो. गंमत अशी की वायरमधून आवाज जातच नाही. जातो तो फक्त मिडीचा, म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्या आपसातल्या भाषेतला, निरोप: कुठला पॅड आणि किती जोरात, 1 ते 127 मध्ये. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) नंबर 36, स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) नंबर 38. आवाज काढायचं काम सॉफ्टवेअरचं. 1983 सालची ही पद्धत अजून ठणठणीत चालतेय, चार्जरच्या पिना मात्र सारख्या बदलतात!

खरी मारामारी उशिराची. बफर, म्हणजे आवाज सोडण्याआधी लॅपटॉप जमवतो तो साठा, 1024 सॅम्पलचा (आवाजाच्या बारीक तुकड्यांचा) असेल तर 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार तुकड्यांच्या वेगाने, तिथेच 21 मिलिसेकंद जातात. काठी आधी, आवाज मागून, लय धरणार कशी? 128 वर आणला की जेमतेम पावणेतीन. विंडोजवर मात्र त्यासाठी बहुतेकदा असिओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात पोचवणारं सॉफ्टवेअर) लागतो.

मग ढोलाचे सॅम्पल, म्हणजे खऱ्या ढोलाचे रेकॉर्ड केलेले ठोके, चढवले. एका पॅडवर टिपरू, दुसऱ्यावर थापी. घुमतो छान, पण नाशिकला रविवार कारंजावर विसर्जनाच्या मिरवणुकीत तो छातीत वाजतो, त्याचं काय? नाशिककराला हेडफोनमधला ढोल पटणं कठीणच.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. "काय रे, सुतारकाम काढलंय का? सकाळपासून नुसती खटखट!"