आतल्या पानावरची बातमी

नवलाच्या बातम्यांची कात्रणं जमवून त्यांतून कथा लिहिणाऱ्याचा आठवडा सोमवारी नाही, बुधवारी रात्री सुरू होतो. लंडनमध्ये दुपारचे चार वाजले की ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकातल्या त्या आठवड्याच्या शोधनिबंधांवरची प्रसिद्धीबंदी उठते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ वाजलेले असतात. तिकडची घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली आहेत की नाहीत, त्यावर हे ठरतं. ‘सायन्स’ या तशाच अमेरिकी साप्ताहिकाचा वार गुरुवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची दुपारी दोनची वेळ, म्हणजे आपल्याकडे साडेअकरा, नाहीतर मध्यरात्र उलटून साडेबारा. पत्रकारांच्या हाती हे निबंध आधीच आलेले असतात, फक्त ठरल्या वेळेच्या आत छापायचे नसतात. म्हणून तर जगभरच्या वर्तमानपत्रांत एकच ऑक्टोपस एकाच सकाळी उगवतो. मराठीत तो बहुतेकदा एखाददुसरा दिवस उशिरा येतो, आतल्या पानावर, चौकटीत, ‘संशोधकांचा दावा’ अशा शेपटासह. रविवारच्या पुरवणीत त्याचा रंगीत फोटो येतो. तोवर कथालेखकाने तो वाचून, कापून, वहीत चिकटवून मोकळं व्हायला हवं.

दुसरा पुरवठा असा घड्याळावर चालत नाही. तो जिल्हा आवृत्तीतून येतो. बिबट्या विहिरीत पडतो, नवरदेव जेसीबीवरून मांडवात येतो, चोर चोरी करून तिथेच झोपी जातो. शहर आवृत्तीत यातलं फारसं काही येत नाही, त्यामुळे ई-पेपर उघडताना आपली आवृत्ती सोडून रत्नागिरी, बुलढाणा, नांदेड अशा दोन-तीन आवृत्त्या रोज फिरत्या ठेवाव्यात. पहिलं पान वाचू नये, असं नाही. पण त्या पानावरच्या बातमीवर त्या दिवशी निम्मा महाराष्ट्र मत देत असतो. कथेला असा गर्दीतला माल चालत नाही.

कात्रण कापायच्या आधी समासात दैनिकाचं नाव, आवृत्ती, तारीख आणि पान लिहावं. नंतर लिहू म्हणणाऱ्यांच्या वह्या बिनतारखेच्या नवलांनी भरलेल्या असतात आणि त्यांचा पुढे काडीचा उपयोग होत नाही. ‘उर्वरित पान ६ वर’ असेल तर तो तुकडा आधी शोधावा, कारण कामाचा तपशील हमखास तिथे असतो. बाटलीतला पातळ डिंक वापरला की कागद सुरकुततो आणि पाठची शाई पुढे उमटते. कोरडी ग्लू स्टिक घ्यावी आणि चार कोपऱ्यांनाच लावावी. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन शिल्लक असतं, उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडून तुकडे व्हायला लागतात. ठेवणीतल्या कात्रणाची झेरॉक्स काढलेली बरी. मोबाईलवर फोटो काढला की झालं, असं वाटतं खरं. पण गॅलरीत ‘शुभ सकाळ’च्या गुलाबांखाली तो असा गाडला जातो की पुढच्या आषाढात सापडत नाही.

चिकटवून झालं की पाच मिनिटं तपासणी. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? किती जणांवर? बातमी या वर्षीची आहे, की दर दोन वर्षांनी उगवणारी जुनीच? आकडे मराठीत येताना हमखास घसरतात: दहा लाखाचा एक लाख होतो, शंभर कोटीचे दहा कोटी होतात. प्रकाशवर्ष हे अंतर आहे, साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. तरी ‘हजारो प्रकाशवर्षांपूर्वी’ दर महिन्याला कुठेतरी छापून येतं. कथेतल्या पात्राने असं म्हटलं तर हरकत नाही, पात्रांना चुकायचा हक्क आहे. निवेदकाला तो नाही.

मग कात्रणाच्या बाजूला एक ओळ लिहायची, आणि सगळं काम या ओळीचं आहे. बातमीत नवल काय, हे लिहायचं नाही. ते बातमीदाराने लिहिलेलंच आहे. लिहायचं ते हे, की यामुळे कोणाची पंचाईत होईल. नवख्या लेखकाची कथा इथेच बसते. त्याला ऑस्ट्रेलियातल्या वॉम्बॅट या प्राण्याची विष्ठा चौकोनी असते हे कळतं (आतड्याची लवचीकता सगळीकडे सारखी नसल्यामुळे ठोकळे पडतात, या शोधाला 2019चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या कामासाठीचं गमतीचं पारितोषिक, मिळालं) आणि तो तडक एक प्राध्यापक उभा करतो, जो दुसऱ्या पात्राला हे दोन पानं समजावून सांगतो. वाचक बातमी वाचतो तेव्हा ‘अरे वा’ म्हणतो. तीच गोष्ट कथेत संवादातून ऐकावी लागली की पान उलटतो.

कावळ्याची बातमी घेऊ. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ या पक्षिशास्त्रज्ञाने 2006 मध्ये आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायांत कडी अडकवली आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कोणी आवारात हिंडलं की कावळे जमून कल्ला करायचे. दुसरा मुखवटा तेव्हाचे अमेरिकी उपाध्यक्ष डिक चेनी यांचा होता. त्याच्या वाटेला कोणी गेलं नाही. वर्षं गेली तसे ओरडणारे कावळे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, कारण जे कधी पकडलेच गेले नव्हते तेही इतरांचं पाहून शिकले होते. एक चेहरा पिढीजात शत्रू झाला.

ही बातमी मराठीत अनेकदा येऊन गेली आहे आणि तिच्यावर ‘कावळ्याचा सूड’ छापाच्या कथाही सहज सुचतात. त्या सोडून द्याव्यात. पंचाईत कोणाची, हा प्रश्न विचारला की मराठी माणूस सरळ दहाव्याच्या घाटावर पोचतो. तिथे पिंड ठेवलेला आहे, उन्हं चढताहेत आणि कावळा शिवत नाही. आता वहीतल्या ओळीत लिहायचं: पिंड ठेवणारा थोरला मुलगा हाच कावळ्यांच्या डोक्यात बसलेला चेहरा.

इथून पुढे सुतारकाम. पहिली अडचण जागेची. थोरल्याने घराच्या एसीवरचं घरटं काढून टाकलं असेल, तर घाटावरच्या कावळ्यांना त्याचं काय? ते दुसऱ्या हद्दीतले. म्हणून थोरल्याला नगरपरिषदेचा ठेकेदार करायचं आणि सुशोभीकरणाच्या कामात घाटावरच्याच पिंपळाच्या फांद्या त्याच्याकडून उतरवायच्या. महिना मे-जून, कारण गावकावळ्याच्या विणीचा हंगाम त्या सुमारास असतो. डिसेंबरात घरटी पाडली तर जाणता वाचक हसेल. दुसरी अडचण मुंडणाची. दहाव्याला डोकं भादरलेल्या माणसाला कावळा ओळखेल का? सिअ‍ॅटलमध्ये मुखवट्यावर टोपी घालून पाहिली, मुखवटा उलटाही घातला. कावळे फसले नाहीत. तेव्हा मुंडण चालून जातं. तिसरी अडचण जातीची: प्रयोगातला कावळा अमेरिकी, आपला राखी मानेचा गावकावळा वेगळा, काळाकुट्ट डोमकावळा आणखी वेगळा. लेखात ही सूट घेता येत नाही. कथेत घेता येते, पण एका अटीवर: कथेत कोणीही सिअ‍ॅटलचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की पुरावा द्यावा लागतो.

आता घाटावर माणसं उभी करायची. कावळे भिंतीवर येऊन बसतात, ओरडतात, खाली उतरत नाहीत. ‘अण्णांचं मन कशात तरी अडकलंय,’ असं कोणी तरी म्हणतं. मग वचनं सुरू होतात. तुळस लावू, वारीला जाऊ, आत्याला बघू. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतलेला असतो. त्यांनी मे महिन्यात याच ठेकेदाराच्या डोक्यावर कावळ्यांनी टोचे मारलेले पाहिले आहेत, पण ते बोलत नाहीत. तेवढ्यात थोरल्याला फोन येतो आणि तो पायऱ्या चढून वर जातो. धाकटी सून हात जोडून पुटपुटते, ‘अण्णा, दुकानाची वाटणी सारखी होईल हो.’ कावळा उतरतो, शितं उचलतो. सगळ्या भावकीने ऐकलं आहे. थोरला खाली येतो तेव्हा लोक चपला शोधत असतात.

या कथेत बातमीचा भाग किती? एका वाक्याइतकाही नाही. पण तो काढला तर कथा योगायोगावर उभी राहते, आणि ठेवला तर लेखकाला आतून खात्री असते की कावळा का उतरला. ही खात्री वाचकाला दिसत नाही. तिच्यामुळे तपशील मात्र सैल होत नाहीत.

लोणारचं कात्रण वेगळ्या तऱ्हेने कामाला येतं. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं, की हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ सूक्ष्मजीवांचा रंग. इथवर बहुतेकांनी वाचलं. उपयोगाचा तपशील पुढचा आहे: प्रयोगशाळेत पाणी काही काळ ठेवल्यावर सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. गुलाबी तळ्यावर काही लिहायला गेलं की वर्णनच होतं. त्यापेक्षा कोणी तरी लांबच्या माणसाला दाखवायला बाटली भरून नेतो आणि पिशवीतून बाहेर काढतो तर आत साधं पाणी, हे बघावं. बाटली हलवायला हवी, हे दोघांपैकी कोणालाच माहीत नाही. कथा छोटी होईल, हजार-बाराशे शब्दांची. ताणली तर बिघडेल.

काही कात्रणांना मात्र हात लावू नये. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातले लालबिहारी सरकारी कागदावर 1975 पासून 1994 पर्यंत मृत होते. जमिनीसाठी नातलगांनी केलेली करामत. जिवंत असल्याचं सिद्ध करण्यासाठी ते राजीव गांधींविरुद्ध निवडणुकीला उभे राहिले, बायकोसाठी विधवा पेन्शन मागितली, नावापुढे ‘मृतक’ लावलं आणि तशाच माणसांची संघटना काढली. 2003 मध्ये त्यांना शांततेचं इग्नोबेल मिळालं. यात कथालेखकाने करण्यासारखं काही उरलेलंच नाही. शिवाय हेच कथेत लिहिलं तर संपादक समासात ‘अतिरंजित’ लिहून परत पाठवतील. बातमीवर ‘खरं आहे’ असा शिक्का असतो म्हणून ती वाट्टेल तेवढी अचाट असू शकते. कथेला तेवढी मुभा नाही. अचाट गोष्ट एकच, आणि तीही पहिल्या दोन पानांत, हे प्रमाण सहसा निभावतं. दुसरी अचाट गोष्ट शेवटाला आणली की लेखक अडला होता, हे उघड होतं.

गुहागरच्या कासवाचं कात्रण याच दोहोंच्या मधलं. ओडिशात 2021 मध्ये ‘03233’ क्रमांकाचा धातूचा बिल्ला लावलेली ऑलिव्ह रिडले मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची आणि पश्चिमेकडची कासवं वेगळी, असाच समज होता. कासवाच्या बाजूने लिहायला गेलं तर बालसाहित्य होतं. किनाऱ्यावर रात्री बॅटरीच्या उजेडात वाळू झटकून तो क्रमांक वाचणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिलं तर काही जमेल: तीन आणि आठ अंधारात सारखे दिसतात, आणि क्रमांक चुकला तर प्रवासच पुसला गेला. कात्रणाशेजारी एवढंच टाचण आणि वही बंद. काही कात्रणं दोन-तीन वर्षं तशीच पडून राहतात.

विज्ञानकथा म्हणतात ती ही नव्हे. तिथे विज्ञान मंचावर असतं आणि प्रकाशझोत त्याच्यावरच पडायला हवा. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांपुढे कथा एकटी गेली आणि बक्षीस घेऊन आली. शास्त्रज्ञाला नाव लपवावं लागलं, आपल्याला शास्त्र लपवावं लागतं.

लिहायचे दिवस सोमवार ते बुधवार, कारण त्या दिवसांत ताजी नवलं कमी येतात आणि वही उघडायचा मोह आवरता येतो. खर्डा चालू असताना नवं कात्रण कथेत घुसवलं की घोटाळा होतो. कावळ्याच्या घाटावर अचानक गुलाबी पाणी वाहायला लागतं. दिवाळी अंकांचे संपादक साधारण जुलै-ऑगस्टपर्यंत कथा मागतात. इग्नोबेल सप्टेंबरात जाहीर होतात, नोबेल ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे वर्षातली सगळ्यात मजेदार पंधरा-वीस कात्रणं मुद्रितं तपासायच्या वेळी घरात येतात. मुद्रितात एक परिच्छेद वाढवून ती कोंबणारे लेखक आहेत. जुळणी करणारे त्यांना चांगले ओळखतात.

कथा पाठवताना सोबत कात्रण जोडू नये. संपादकाने विचारलं तरच द्यावं. मात्र फेकूही नये, कारण अंक निघाल्यावर सांगली किंवा डोंबिवलीहून एक पत्र ठरलेलं असतं, सुवाच्य अक्षरात, ‘आपल्या कथेतील कावळा’ असा विषय घातलेलं. पत्र लिहिणारा माणूस आयुष्यभर पक्षी पाहत आलेला असतो आणि गावकावळा त्या महिन्यात अंडी घालतो की पिल्लं भरवतो, एवढंच त्याला विचारायचं असतं. वहीतली तारीख, आवृत्ती आणि पान तेव्हा लागतं. उत्तर पोस्टकार्डावर मावतं.