पहिल्या लॅपचा अंदाज : नोंद तिसरी

फॉर्म्युला वन शर्यतीत पहिल्याच लॅपला कोण बाद होणार, याची शक्यता सांगणारं मॉडेल मी बनवतोय. मागच्या नोंदीत ‘मॉडेल चालतंय’ असं ठोकून दिलं होतं. ते शब्द मागे घेतो.

२० गाड्यांपैकी एखादीच पहिल्या लॅपला बाद होते असं धरा. मग ‘कोणीच आपटणार नाही’ असं डोळे मिटून सांगणाराही ९५ टक्के बरोबर ठरतो. माझं मॉडेल नेमकं तेच सांगत होतं. आता अचूकता बघणं बंद करून ब्रायर स्कोर धरलाय : सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष घडलेलं (० किंवा १) यांतल्या फरकाचा वर्ग, त्याची सरासरी. जितका कमी तितका चांगला.

मग एकेक कॉलम उसवला. शर्यतींच्या निकालांचा डेटा देणारं अर्गास्ट २०२४ च्या हंगामानंतर बंद झालं, पण उतरवून घेतलेला डेटा माझ्याकडे आहे. त्यात पिटलेनमधून (गॅरेजसमोरच्या गल्लीतून) सुटणाऱ्याची ग्रिडवरची, म्हणजे सुरुवातीच्या रांगांमधली, जागा ० लिहिलेली असते. म्हणजे माझ्या मॉडेलच्या लेखी हा गडी पोलच्याही (पहिल्या जागेच्याही) पुढे उभा! प्रत्यक्षात तो सगळी झुंड गेल्यावर शेवटी निघतो. इतके दिवस हे दिसलं कसं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आता त्याला शेवटची जागा आणि वेगळी खूण दिलीय. पावसाच्या कॉलमचीही तीच तऱ्हा. बेल्जियमच्या स्पा सर्किटवर २०२१ ला धो धो पाऊस, पण गाड्या सेफ्टी कारमागेच (सगळ्यांचा वेग रोखणाऱ्या गाडीमागे) फिरल्या, कोण कुणाला धडकणार? सुरुवात ग्रिडवर उभ्यानं झाली की सेफ्टी कारमागे, हे आता आधी विचारतो.

खरा वेळ गेला तो सिंगापूर २०१७ वर. ओला ट्रॅक, फेटल पोलवर, फेर्स्टापेन दुसरा, रायकोनेन चौथा. रायकोनेन डावीकडून झकास सुटला, फेटल फेर्स्टापेनला अडवायला डावीकडे सरकला, आणि मधला फेर्स्टापेन दोघांच्या कात्रीत सापडला. तिघेही बाद. त्याच गोंधळात अलोन्सोला धडक बसली, तो काही लॅप रखडला आणि मग थांबला. माझं लेबल (मॉडेलला शिकवायचं उत्तर) होतं ‘एकही लॅप पूर्ण न करता बाद’. त्यात अलोन्सो सुखरूप! उलट बाजूला स्पा १९९८ : पहिल्या सुरुवातीला १३ गाड्यांचा चुराडा झाला, शर्यत थांबवली, आणि बरेचसे ड्रायव्हर राखीव किंवा दुरुस्त केलेली गाडी घेऊन पुन्हा ग्रिडवर आले. अंतिम निकालाच्या तक्त्यात त्या चुराड्याचा फारसा मागमूस नाही. आता अशा शर्यतींची लेबलं हातानं लावतोय. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा मार्ग नाही.

रविवारी ही सिंगापूरची क्लिप बाबांना दाखवली. त्यांनी आयुष्यभर बस चालवली. तीनदा पाहिली आणि म्हणाले, “अरे, मधल्यानं काय केलं? पण रजिस्टरात नाव त्याचंही लागणार.” लागलंच आहे. डेटात तिघांच्याही नावापुढे ‘कोलिजन’ (टक्कर). आणि मी ड्रायव्हरचं नाव फीचर (अंदाजासाठी मॉडेलला पुरवायची माहिती) म्हणून दिल्यानं मॉडेल मार खाणाऱ्यालाही मारकुटा समजत होतं. नावाचा कॉलम काढून टाकला.

त्याहून मोठा घोळ पुढे सापडला. ट्रेनिंग (मॉडेल ज्यावर शिकतं) आणि टेस्ट (ज्यावर तपासतो) अशी डेटाची वाटणी मी ओळीगणिक, चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. फेटल ट्रेनिंगमध्ये, रायकोनेन टेस्टमध्ये. म्हणजे पेपर आधीच फुटलेला. एका सुरुवातीच्या २० ओळी म्हणजे २० वेगळ्या घटना नव्हेत. आता अख्खी शर्यत एकतर इकडे, नाहीतर तिकडे. स्कोर दाणकन बिघडला. खरा स्कोर तोच.

म्हणून रचनाच बदलली. आधी त्या सुरुवातीला काही होण्याची शक्यता : पहिल्या ब्रेकिंगपर्यंतचं अंतर, ओल, रस्त्यावरचं सर्किट आहे का. मग त्या सुरुवातीत सापडणार कोण. दोन जागांमध्ये ८ मीटर, म्हणजे पोल आणि विसावा यांच्यात १५२ मीटर. पहिल्या वळणावर हे अंतर आवळत जातं, म्हणून पुढचे-मागचे दोन-दोन शेजारी कोण, हे आता फीचर आहे. शिवाय ‘चुकीच्या जागी उभी गाडी’, म्हणजे वेगाच्या मानानं फार मागे उभी. मोनॅको २०२४ आठवा : रेड बुलचा पेरेझ १६ वा, आणि क्वालिफाइंगमधून (जागा ठरवणाऱ्या फेरीतून) बाद ठरवल्यामुळे हास संघाच्या दोन्ही गाड्या शेवटच्या रांगेत. पहिल्याच लॅपला तिघंही गेले. पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला मागून फटीफटीतून घुसणारा रोज बघतो, तरी हे फीचर सुचायला तीन महिने लागले.

पुढचं काम कॅलिब्रेशनचं. २५ टक्के म्हटलं तर चारांत एकदा व्हायला हवं. नंतर आकडा फिरवायचा मोह नको म्हणून शर्यत सुरू करणारे दिवे विझण्याआधी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवतो. मागच्या रविवारच्या चौकोनात ०.२५ लिहिलं होतं. आईनं महिनाअखेरीला दुधाच्या हिशेबात पाव लिटर जास्त धरलं.