स्कीच्या विमानाला ब्रेक नसतात : सुसिटना खोऱ्यातील एक दिवस

अलास्कातील सुसिटना नदीच्या खोऱ्यात, टॉकीटना गावापासून थोड्या अंतरावर, स्प्रूसची झाडे तोडून तयार केलेल्या एका खाजगी धावपट्टीवरून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी सुपर कब हे दोन आसनांचे हलके विमान चालवले; त्याला चाकांऐवजी स्की, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या लांब पट्ट्या, लावलेल्या होत्या. धावपट्टीचे मालक स्वतः जुने वैमानिक असून ते मागच्या आसनावर बसले होते. या सुमारास दिवस-रात्र जवळजवळ समान झालेले असतात आणि बर्फाचा थरही पुरेसा जाड असतो, त्यामुळे ज्यांना निवड करता येईल त्यांनी मार्चच निवडावा. अमेरिकेत स्कीसाठी परवान्यावर वेगळे रेटिंग, म्हणजे पात्रतेची नोंद, लागत नाही. मात्र शेपटीखाली चाक असलेले विमान चालवण्यासाठी प्रशिक्षकाची लेखी नोंद लॉगबुकात असावी लागते. खाजगी पट्टीवर उतरण्यापूर्वी मालकाची परवानगी तर घ्यावीच, शिवाय त्या दिवशीचा बर्फ कसा आहे हेही विचारावे.

सकाळी तापमान उणे २२ अंश सेल्सिअस होते आणि उड्डाणापूर्वीचे दोन तास जमिनीवरच गेले. बॅटरी रात्रभर घरात शेकोटीजवळ होती, पंखांवर कापडी खोळी होत्या आणि इंजिनावर गोधडी. त्या गोधडीखाली हीटरची नळी सोडून आम्ही इंजिन तासभर तापवले. खोळी काढल्यावरही डाव्या पंखाच्या मुळाशी गोठलेल्या दहिवराचा वीतभर खरखरीत पट्टा राहिलाच होता. मालकांनी पंखावरून दोरी टाकून दोन्ही टोके धरली आणि ती करवतीसारखी ओढत पट्टा खरवडून काढला. एवढ्याशा दहिवराने काय होणार, असे मनात आले तरी ते काढावेच, कारण पंखाची उचल तेवढ्यानेही घटते. इंजिनातील बाष्प बाहेर सोडणारी नळीही आवर्जून पाहावी. तिचे तोंड बर्फाने बुजले, तर आत दाब साठून पुढचे सील फुटते आणि सगळे तेल हवेत उडून जाते. स्कीचे टोक वर धरणारी रबरी बंजी आणि तिच्यासोबतची सुरक्षा-तार यांवरून हातमोजा काढून बोट फिरवावे. थंडीने कडक झालेल्या रबरातील चीर डोळ्यांना दिसत नाही.

इंजिन सुरू होताच विमान घसरू लागते, कारण स्कीला ब्रेक नसतात. म्हणून शेपटीची दोरी झाडाला सुरगाठीने बांधलेली होती. इंजिनाची उरलेली तपासणी चालत्या विमानातच उरकावी लागते.

उड्डाण अगदी सोपे वाटले. समोर ६,१९० मीटर उंचीचे देनाली शिखर स्वच्छ दिसत होते. पण त्याच्याकडे पाहत बसण्याची सवलत मागच्या आसनाने दिली नाही. पहिल्या तळ्यावर आम्ही उतरलो नाही. वेग कायम ठेवून स्की बर्फाला नुसत्या टेकवल्या, पुन्हा वर चढलो आणि वळून स्कीच्या उमटलेल्या रेघांकडे पाहिले. त्या हळूहळू करड्या होत गेल्या, म्हणजे खाली पाणी होते. वरच्या बर्फाच्या भाराने तळ्याचा गोठलेला थर खचतो, भेगांतून पाणी वर येते आणि भुसभुशीत बर्फाखाली दडून राहते. तिथले वैमानिक याला ओव्हरफ्लो म्हणतात. त्यात थांबलेले विमान तिथेच गोठून बसते.

दुसऱ्या तळ्यावरच्या रेघा पांढऱ्याच राहिल्या, म्हणून तिथे उतरलो. पण चाकांच्या सवयीने मी थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, पूर्ण बंद केला आणि विमान ताज्या बर्फात थांबले. खरे तर शक्ती कायम ठेवून मोठा वळसा घ्यावा, स्वतःच्याच दाबलेल्या मागावर यावे आणि तोंड उड्डाणाच्या दिशेला करूनच थांबावे. घर्षणाने कोमट झालेल्या स्कीखालचा बर्फ वितळतो आणि मिनिटभरात पुन्हा गोठतो. आम्ही वीस मिनिटे फावड्याने खणत होतो आणि पंखाचा आधारदांडा धरून विमान हलवत होतो. स्नोशू, म्हणजे बर्फात रुतू नये म्हणून पायाला बांधायचे रुंद जोडे, न घालता मी बाहेर पाऊल टाकले, तेव्हा मांडीपर्यंत रुतलो. तेव्हाच्या अलास्काच्या कायद्यानुसार विमानात प्रत्येकासाठी आठवडाभराची शिधासामग्री, कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, आग पेटवण्याचे आणि इशारा देण्याचे साधन, तर १५ ऑक्टोबर ते १ एप्रिल या काळात स्नोशू आणि झोपण्याची पिशवीही असावी लागत असे. निघताना ही यादी मला सरकारी हौस वाटली होती.

परतताना ढग दाटले आणि सावल्या नाहीशा झाल्या. अशा प्रकाशात बर्फ दहा फुटांवर आहे की शंभर, हे कळत नाही. म्हणून मोकळ्या मध्यभागाऐवजी काठावरच्या झाडांना धरून उतरावे. पट्टीवर या वेळी मी वळसा नीट पूर्ण केला. विमान अजून सरकत असतानाच ते लाकडी फळ्यांवर चढवले, म्हणजे रात्री स्की चिकटणार नाहीत, आणि पुढचा पंखा (प्रोपेलर) थांबताच इंजिन गरम आहे तोवर त्यावर गोधडी घातली.