कवितेच्या तासाला पखवाज

आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेला गेलो की कुणीतरी हटकून विचारतं, "सर, कवितेच्या तासाला पखवाज कामून लागतो हो?" चहा संपतो, उत्तर अर्धंच राहतं. तुम्ही परत विचारलंत म्हणून आज लिहूनच टाकतो.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, गंगाखेड तालुक्यातली. म्हणजे जनाबाईंच्या गावाजवळची. सातवीला अभंग घेतला तेव्हा फळ्यावर नेहमीचंच लिहिलं: मोठा अभंग, चार चरण, अक्षरं सहा-सहा-सहा-चार, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. लेकरांनी वह्यांत उतरवलं. मागच्या बाकावरचा एक जण, वाचताना जोडाक्षराला अजून अडतो तो, म्हणाला, "सर, शेवटचा बारका न्हाई. सारखेच हायेत."

हा पोरगा सप्ताहात पखवाज वाजवतो. म्हटलं, दाखव मोजून. त्यानं बोटं मोजली नाहीत, बाकावरच भजनी ठेका धरला आणि गायला लागला. ठेक्याच्या आठ मात्रांत, म्हणजे आठ ठोक्यांत, सहा अक्षरं बसली. शेवटची चारही तेवढ्याच आठ मात्रांत बसली, कारण गाताना ती लांबवतात. कागदावर आखूड दिसणारा चरण गळ्यात आखूड राहतच नाही! बावीस वर्षं मी अभंग शिकवतोय, आणि भजनं तर लहानपणापासून ऐकतोय. तरी ही दोन्ही कधी एकमेकांना भेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पखवाज शाळेत आला.

आता वरून येणाऱ्या योजनांचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला इतर विषयांत मिसळून शिकवा असं आहे, आणि ते मला पटतं. फक्त एका प्रशिक्षणात दिवसभर कृतींचे फोटो कसे पाठवायचे एवढंच सांगितलं. एक ओळ कुणी गायली नाही. २०१५ पासून कला उत्सव होतो, तिथंही गायन वेगळं, वादन वेगळं, नृत्य वेगळं. स्पर्धेला तसं लागत असेल. पण पैठणच्या नाथांचं भारूड कुठल्या रकान्यात घालणार? भारूड करणारा गातो, सोंग आणतो, मध्येच समोरच्या म्हाताऱ्याची फिरकीही घेतो.

तशीच आपल्या अंबाजोगाईची, संतकवी दासोपंतांची पासोडी. लांबलचक कापडावर ओव्या, सोबत आकृत्या. हे सांगितलं आणि पंचाईत झाली, कारण लेकरांना वही नको, कापडच पाहिजे. कुणीतरी आजोबांचं जुनं धोतर आणलं. पहिल्याच अक्षराला शाई फुटली आणि डाग पसरत गेला. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी दारातून बघत होत्या. "खळ तर लावा आधी," म्हणाल्या, आणि त्यांनीच भाताची पेज काढून दिली. धोतर उन्हात कडक वाळलं, मग पोरांनी बोरू धरले.

एका ओळीत एक चरण लिहायचा ठरलं. चौथी ओळ आमच्या पखवाजवाल्याच्या वाट्याला आली. जोडाक्षर नव्हतं, तो खूश. बाकीचे वरच्या ओळीगत बारीक अक्षर काढ म्हणून ओरडत होते. त्यानं ऐकलं नाही. एकेक अक्षर ऐसपैस काढत, शिरोरेघ लांब ओढत, त्यानं चार अक्षरं या काठापासून त्या काठापर्यंत पुरवली, बरोबर वरच्या सहांच्या खाली.