आखाजीचे गाणे आणि आठ रकाने

२२ एप्रिल २०२५, मंगळवार

उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा काल संपला आणि आज दुपारी ट्रॅकर, म्हणजे ओळीओळींत सूर लिहून गाणे वाजवण्याचे साधन, पुन्हा हातात घेतला. जळगावात या दिवसांत दुपारी एक ते पाच या वेळात घराबाहेर पडण्याचे कारण शोधूनही सापडत नाही. दाराला वाळ्याचा पडदा, कोपऱ्यात कूलर आणि कानांवर हेडफोन, असा माझा उन्हाळ्याचा अभ्यास असतो. यंत्र डर्टीवेव्ह कंपनीचे एम-८ आहे. ते हातात सहज मावते, त्याला आठ कळा आहेत आणि पियानोसारखी पट्टी नाही. त्यावर सूर लिहायचे असतात. प्रत्येक ओळीत कोणता सूर, किती जोर, कोणते वाद्य आणि त्याच्यासाठी कोणती आज्ञा एवढे नोंदवायचे, मग यंत्र वरून खाली ओळी वाचत जाते आणि गाणे ऐकू येते. सोळा ओळींचा एक तुकडा म्हणजे फ्रेझ, फ्रेझांची माळ म्हणजे चेन, आणि अशा चेन आठ रकान्यांत शेजारी शेजारी मांडल्या की साँग तयार होते. ओळींची मोजणी सोळाच्या पायावर आहे, म्हणजे नऊनंतर ए येतो आणि एफपाशी फ्रेझ संपते. गणित शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला ही मोजणी पहिल्या दिवसापासून आपली वाटली.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशीने निंबाच्या झोक्यावर बसून म्हटलेले गाणे मी फोनवर ध्वनिमुद्रित केले होते. ते आज मेमरी कार्डावरून यंत्रात घेतले. गाण्याची चाल जेमतेम पाच सुरांची आहे, षड्जापासून पंचमापर्यंत. मावशीचा षड्ज पांढरी सहाच्या जवळपास लागतो, म्हणून यंत्राच्या भाषेत माझा सा म्हणजे ए. या आखाजीपर्यंत या चालीला कॉर्डची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या गटांची, साथ लिहून मावशीला ऐकवायची, असे ठरवले आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

ट्रॅकरवर कॉर्ड लिहिताना पहिली अडचण येते ती अशी, की एक रकाना एका वेळी एकच सूर सांभाळतो. पेटीवर तीन बोटे एकदम दाबली की काम होते. येथे तीन सुरांसाठी तीन रकाने द्यावे लागतात आणि आठपैकी तीन तेथेच संपतात. या यंत्रात एकाच रकान्यातून पूर्ण कॉर्ड वाजवणारे हायपरसिंथ नावाचे वाद्यही आहे. ते मी तूर्त बाजूला ठेवले आहे, कारण सोय हाताशी आली की आपण कोणते सूर एकत्र ठेवतो आहोत याचा विचार करायचा राहून जातो, असे मला दोन-तीन वेळा जाणवले.

ही टंचाई ट्रॅकरइतकीच जुनी आहे. १९८७ मध्ये कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन प्रोग्रामरने कमोडोर अमिगा संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला, तेव्हा त्या संगणकातील पॉला नावाच्या चिपकडे ध्वनीचे चारच मार्ग होते. ताल, खर्ज आणि सुरावट यांना एकेक मार्ग दिला की कॉर्डसाठी एकच उरत असे. त्यावर त्या काळच्या मुलांनी दोन तोडगे वापरले. पहिला म्हणजे वाजवलेली अख्खी कॉर्डच एक नमुना म्हणून ध्वनिमुद्रित करायची आणि तो नमुना वरखाली सरकवायचा. यात मायनर कॉर्ड कोठेही नेली तरी मायनरच राहते, सगळ्या कॉर्ड एकाच साच्यातून निघतात, आणि तरीही त्या सरकण्यातून एक वेगळाच रंग नाचाच्या संगीतात आला.

दुसरा तोडगा मला अधिक मोहवतो. एकाच रकान्यात कॉर्डचे तीन सूर इतक्या वेगाने आळीपाळीने वाजवायचे की कानाला ते एकत्र असल्याचा भास व्हावा. जुन्या ट्रॅकरमध्ये ०३७ अशी आज्ञा दिली की मूळ सूर, त्याच्यावर तीन अर्धस्वर आणि सात अर्धस्वर असे चक्र सुरू होते, म्हणजे मायनर. ०४७ दिली की मेजर. युरोपातील अमिगावर सेकंदाला ५० टिक, म्हणजे यंत्राच्या मोजणीचे ठोके, पडत, म्हणजे एक सूर २० मिलिसेकंद टिकून तीन सुरांचा फेरा ६० मिलिसेकंदांत पूर्ण होई. माझ्या यंत्रातही आर्पेजिओची आज्ञा याच धर्तीवर आहे. आज दोन तास मी ३७ आणि ४७ हे दोनच आकडे आलटून पालटून लावत बसले. एका अर्धस्वराच्या फरकाने खोलीतला उजेड बदलावा तसे वाटत होते. मात्र मावशीच्या आवाजाखाली ही किणकिण ठेवली, तेव्हा आवाज मागे पडला आणि साथच पुढे आली, म्हणून ती काढून टाकली.

२७ एप्रिल, रविवार

आज तालाचा दिवस होता. झोक्यावरचे गाणे सहा मात्रांत चालते. सोळा ओळींच्या फ्रेझमध्ये सहा मात्रा बसत नाहीत आणि ओढूनताणून बसवल्या तर गाण्याचा झोकाच मोडतो. प्रत्येक मात्रेला दोन ओळी दिल्या की बारा ओळी होतात, म्हणून सी क्रमांकाच्या ओळीवर हॉपची आज्ञा ठेवली. तेथे पोचताच यंत्र उरलेल्या चार ओळी सोडून पुढच्या फ्रेझकडे जाते.

ही आज्ञा प्रत्येक रकान्याला वेगळी द्यावी लागते, कारण रकाने आपापली चेन स्वतंत्रपणे चालवतात. खर्जाच्या रकान्यात ती द्यायची राहिली. परिणाम असा झाला की सुरावट बारा ओळींत फिरत होती आणि खर्ज सोळांत. दोघांची समेवर भेट अठ्ठेचाळीस ओळींनंतर, म्हणजे सुरावटीच्या चार आणि खर्जाच्या तीन आवर्तनांनी. लघुत्तम साधारण विभाज्य मी सहावीच्या वर्गात कित्येक वर्षे शिकवत आले आहे, पण ल.सा.वि. कानांनी ऐकण्याचा हा पहिलाच प्रसंग. समोरच्या फळ्यावर १२ आणि १६ लिहून मुलांना हे ऐकवायचे, हे मनात पक्के केले. गाण्यासाठी मात्र चूक दुरुस्त केली, कारण झोक्यावर बसणाऱ्या बाईला पायाखालची जमीन दर फेरीला त्याच जागी सापडली पाहिजे.

कॉर्डही आजच लिहून पूर्ण केल्या. षड्जाखाली ए मेजर, मध्यमाखाली डी मेजर, ऋषभाखाली ई मेजर. तीन रकाने, प्रत्येक कॉर्डचे तीन सूर. ऐकायला भरीव वाटले.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी

सकाळी अमळनेर तालुक्यातल्या आमच्या आजोळी पोचले. घागर भरून पूजा झाली, पुरणपोळी आणि आंब्याचा रस झाला, आणि उन्हे उतरल्यावर माहेरवाशिणी निंबाखाली जमल्या. खानदेशात आखाजीचे महत्त्व दिवाळीइतके आहे, कारण या सणाला लेक घरी येते, आणि झोक्यावरच्या गाण्यांत तिला सासरचे सगळे बोलून घेता येते. मावशीचे वय झाले तरी झोका चुकत नाही.

रात्री मावशीजवळ बसून तिला हेडफोन लावून दिले. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकले, हेडफोन काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, “हाई मनं गानं नही.” बोलण्यात राग अजिबात नव्हता. वाट चुकलेल्या माणसाला रस्ता सांगावा तितक्या सरळपणे तिने ते सांगितले.

आत्ता धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, बसून हे लिहिते आहे. वारा पडला आहे, गावातली वीज तासाभरापूर्वी गेली, पण यंत्राच्या बॅटरीवर काम चालू आहे. मावशीचा आवाज एकटा लावून मी पुन्हा पुन्हा ऐकला आणि फोनवरच्या ट्यूनरमध्ये तिचा गंधार पाहिला. चढताना ती शुद्ध गंधारापर्यंत जाते, पण तो पेटीच्या शुद्ध गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो. उतरताना तर तो गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कोठेतरी लागतो. माझ्या ए मेजरमध्ये मी सी शार्प, म्हणजे पेटीचा शुद्ध गंधार, ठामपणे लिहिला होता. म्हणजे तिच्या गळ्यातून गंधार निघण्यापूर्वीच साथीने तो कोठे असावा हे ठरवून टाकले होते, आणि तिचा खरा सूर त्या शेजारी बेसूर ठरत होता. दोष कॉर्डमधल्या तिसऱ्याचा, म्हणजे मूळ सुरापासून तिसऱ्या पायरीवरच्या सुराचा होता.

कॉर्डचा स्वभाव हा तिसरा ठरवतो. तीन अर्धस्वरांवर आला की मायनर, चारांवर आला की मेजर. बारा समान भागांच्या सप्तकात मेजर तिसरा ४०० सेंटवर (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) असतो, तर पाचास चार या नैसर्गिक प्रमाणाचा तिसरा सुमारे ३८६ सेंटवर. चौदा सेंटचा हा फरक तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला लगेच टोचतो. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले, त्यामागच्या वादात तिच्या या ठरलेल्या सुरांचाच आक्षेप मोठा होता. पेटी माझी आवडती आहे आणि ती बंदी मला कधीच रास्त वाटली नाही, पण आक्षेप कशाबद्दल होता हे आज मावशीच्या एका वाक्याने कळले.

म्हणून तिसऱ्याचा रकाना पूर्ण पुसला. दोनच रकाने उरले, खर्जाचा आणि त्याच्या वरचा. षड्जावर आणि चढताना जेथे ती गंधारावर थांबते तेथे ए आणि ई, म्हणजे निव्वळ सा आणि प. तिसरा तिने आपल्या गळ्यातून द्यावा. मध्यमावर खर्ज जागेवर ठेवून वरचा ई फक्त डीवर उतरवला. ऋषभावर वरचा डी तसाच ठेवून खर्ज एवरून जीवर, म्हणजे कोमल निषादावर नेला. जी आणि डी यांच्यामध्ये मावशीचा ऋषभ, म्हणजे बी, येऊन बसला आणि मेजर कॉर्ड आपोआप पूर्ण झाली. तिचा तिसरा मी लिहिलेला नाही, तो गाण्यातच आहे. चाल उतरत असताना दर वेळी एकच रकाना हलतो, आणि षड्जावर परतताना दोन्ही रकाने एकदम एक पायरी वर सरकतात. युरोपीय शास्त्रीय शिस्तीत असे समांतर पंचम लिहू नयेत असे शिकवतात, कारण दोन आवाजांचे वेगळेपण त्यात हरवते. येथे ते हरवणेच मला हवे होते. दोन्ही रकाने मिळून तंबोऱ्यासारखे एकच वाद्य झाले आणि मावशीचा आवाज त्याच्यावर मोकळा राहिला.

ट्रॅकरने ही गोष्ट माझ्याकडून करवून घेतली असे वाटते. कॉर्डचे नाव या पडद्यावर कोठेच दिसत नाही. दिसतात फक्त शेजारी शेजारी खाली उतरणाऱ्या ओळी, आणि त्यातली प्रत्येक ओळ ही स्वतःची चाल असते. मी आधी कॉर्ड नावाने विचार करून तीन रकान्यांत वाटली होती. आज प्रत्येक रकान्याला वेगळे गाऊन पाहिले, खर्जाचा रकानाही, आणि मग त्यांना एकत्र ठेवले.

आवाजासोबत अधूनमधून एक साधे सिंथ वाद्य चाल म्हणते, त्याच्या सुरांनाही हात लावला. स्केलच्या पानावर सप्तकाचे बाराही सूर वेगवेगळे सरकवता येतात. सी चाळीस सेंट चढवला, तो उतरतानाचा गंधार. सी शार्प चौदा सेंट उतरवला, तो चढतानाचा. पहाटेचे तीन वाजत आले आहेत.

१ मे, गुरुवार

सकाळी मावशी चुलीजवळ होती. मला पाहून म्हणाली, “काय करी ऱ्हायनी तू रातभर?” मी हेडफोन पुढे केले. तिने हात पदराला पुसले आणि ऐकायला बसली. दुसऱ्या आवर्तनात ती हळूच स्वतःच गुणगुणू लागली, आणि तिचा आत्ताचा गंधार गेल्या वर्षीच्या गंधारापेक्षा निराळा लागला तरी खालच्या दोन रकान्यांना त्याची अडचण झाली नाही.

“आते जमनं,” ती म्हणाली. मग ओळीच्या शेवटाकडे बोट दाखवावे तसा हवेत हात धरला. झोका मागे उंच जाऊन क्षणभर अधांतरी थबकतो, तेथे श्वास घ्यायचा असतो, आणि माझा खर्ज मात्र तेथेही घुमत राहिला होता. “तठे थोडं थांब.”

तिच्यासमोर बसूनच खर्जाच्या रकान्यात ए क्रमांकाच्या ओळीवर सूर तोडणारी किलची आज्ञा लिहिली. तिच्याखालची एक ओळ कोरी ठेवली, मग हॉप. फ्रेझ पुन्हा वाजवली तेव्हा ती हातातले लाटणे घेऊन, डोळे मिटून, बसल्या जागी पुढेमागे झुलत होती.